९४९ रुपयांचा ऑटम, फोंड्यात घरपोच

दसरा झाला आणि चार दिवसांनी कुरियरवाला दारात. डब्यावर नारिंगी खार, तिच्या हातात ओकचं बोंड, आणि खाली मोठ्या अक्षरांत ऑटम क्राफ्ट बॉक्स, वय ३ ते ८. मीच मागवलेलं हो, रात्री साडेअकराला मोबाइल बघता बघता, कारण दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली आणि घरात एक सात वर्षांचा नि एक साडेचार वर्षांची, आता या दोघांना तीन आठवडे टीव्हीपासून लांब ठेवायचं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहेत त्यांनाच कळेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असली किटं आता भरपूर जण विकतात आणि आत साधारण हेच असतं. पण माझ्या स्टेटसवरचे फोटो बघून "घेऊ का गं?" असं आत्तापर्यंत सहा जणींनी विचारलंय, तर प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

डबा उघडला तेव्हा सासूबाई अकराची पेज घेऊन बसलेल्या. मी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडतेय. फेल्टची मेपलची पानं २४, लाल पिवळी तपकिरी. पाइनकोन ६, खरेखुरे. ओकची बोंडं, ती मात्र प्लॅस्टिकची. बुबुळं हलणारे डोळे एका पुडीत, पाइप क्लीनर, सुतळीचा गुंडा, गोंदाची कांडी, बोथट टोकाची कात्री, कागदी चिकटपट्टीचा एक रोल आणि आठ कार्डं. सासूबाईंनी लोणच्याची फोड तोंडात टाकली, पानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आंगणांत इतलीं पानां पडल्यांत, हांव सकाळीं सकाळीं झाडटां, आनी तुवें पानां विकतीं हाडलीं?"

यावर काय बोलणार. रिव्ह्यू खरं तर इथंच संपतो, पण पैसे भरलेत तर पुढचंही ऐका.

पहिली तक्रार पानांचीच. साच्यानं कापलेली असल्यामुळं चोवीसच्या चोवीस एकसारखी, मोठ्यानं दोन मिनिटांत पकडलं, "आई, सगळी सेम टु सेम कशी?" आणि मग धाकटीनं ती एकावर एक रचून मोजली, पाडली, परत रचली, आणि संपलं. एका मेपलच्या झाडावर दोन पानं एकसारखी नसतील, तो सगळा मजाच इथं काढून टाकलाय. शिवाय फेल्ट म्हणजे पॉलिस्टर, गोंदाची कांडी त्याला धरतच नाही, पान भिंतीवरच्या माळेला लावलं की संध्याकाळपर्यंत जमिनीवर. खरी पानगळ तेवढी झाली म्हणायची.

आणि कार्ड नंबर एक. त्यावर लिहिलंय की गरम कपडे घाला, मुलांना घेऊन फिरायला जा आणि जमिनीवर पडलेली रंगीत पानं गोळा करा. ऑक्टोबरात. गोव्यात. सकाळी नऊला कपडे वाळत घालून आत येईपर्यंत माझा गाऊन पाठीला चिकटलेला असतो, दुपारी ऊन असं की अंगणातला मोती बाथरूमच्या लादीवर येऊन झोपतो, आणि चार वाजले की पूर्वेकडून काळं भरून येतं आणि गडगडाटासकट अर्धा तास कोसळतो. गरम कपडे म्हणे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिऊन झाडं आत्ता तट्ट हिरवी आहेत, पिवळं काय असेल तर शेतातलं भात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पितृपक्ष संपल्यापासूनचं स्वच्छ आभाळ, दसरा, कोजागरी, दिवाळी. पानगळ आपली शिशिरात, माघ-फाल्गुनात साग, माट्टी, सावर उघडे होतात तेव्हा. पण मुलांच्या डोक्यात ऋतू म्हटलं की चार चौकोनांचा तक्ता आणि त्यात एक नारिंगी झाड, हे कार्ट्यांच्या आधी आमच्याही डोक्यात होतंच की, खोटं कशाला बोलू.

तरी गेलो फिरायला. सकाळी सातला, गरम कपड्यांशिवाय. रंगीत पान शोधायचंच म्हटलं तर एक झाड आहे आपल्याकडे, देशी बदाम. शाळांच्या पटांगणात, बसस्टॉपवर, चॅपलच्या समोर, कुठंही एक असतोच. त्याची सगळी पानं लाल होतात ती थंडीकडं, पण एखाददुसरं लालभडक पान बारा महिने खाली मिळतं. आम्हाला अकरा मिळाली. एक अर्धं लाल अर्धं हिरवं, एक किडीनं जाळी केलेलं, एकाला मधोमध भोक, धाकटीनं त्यातून डोळा लावून बघितलं आणि तो तिचा "चष्मा" झाला, पुढचा अर्धा किलोमीटर ती तसाच धरून चालत होती. चोवीस फेल्टच्या पानांनी जे दोन दिवसांत नाही केलं ते त्या एका भोकानं केलं.

एक सूचना, पानं पुस्तकात दाबून ठेवायची ती युक्ती ऑक्टोबरात चालत नाही. मी जाड डिक्शनरीत ठेवली, पाचव्या दिवशी उघडली तर पांढरी बुरशी आणि पानांवर ओला डाग, डिक्शनरीसुद्धा गेली. हवेतच एवढं पाणी आहे. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून रोज कागद बदलला तर जमतं, किंवा दोन कागदांत घालून कोमट इस्त्री, पण इस्त्रीनं लाल रंग करपून चॉकलेटी होतो. त्यापेक्षा आणलं त्याच दिवशी वापरून टाका. बदामाचं पान उलटं करून वर पातळ कागद आणि मेणखडू आडवा धरून घासला की शिरा अशा उमटतात की बस्स. फणसाच्या पानाचं तेवढं चांगलं उमटत नाही, फार गुळगुळीत. सागाचं सगळ्यात भारी, पण साग हाताळाल तर कोवळं पान मुलांच्या हातावर चोळून दाखवा, तळवा लालेलाल होतो. माझ्या मामानं मला दाखवलेलं, रक्त आलं म्हणून मी आईकडे रडत गेलेले. माझ्या लेकानं आजीला तसंच घाबरवलं. आजी घाबरली नाही, "सायलाचें पान न्ही तें?" म्हणाली आणि झाडू घेऊन गेली.

आता चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल नुसती नावं ठेवतेय. पाइनकोन. सहाही सुंदर, सुके, उमललेले, खवल्याखवल्यांचे. कार्ड नंबर चारप्रमाणे घुबड केलं: पाइनकोन उभा, वर दोन हलणारे डोळे, पाइप क्लीनरची चोच, फेल्टच्या पानाचे पंख. देखणं झालं होतं, मी स्टेटसला फोटो टाकला तो याचाच. रात्री मुलांनी घुबड बाहेर बाल्कांवच्या कठड्यावर ठेवलं, घुबड रात्री जागतं म्हणून. रात्री वळिवासारखा पाऊस. सकाळी बघतो तर घुबड अंग चोरून बसलेलं, म्हणजे शब्दशः, सगळे खवले मिटून पाइनकोन निम्म्याएवढा बारीक झालेला, पंख लोंबकळताहेत आणि एक डोळा गायब. धाकटी म्हणाली त्याला थंडी वाजली.

मला हे माहीतच नव्हतं हो! मग बसून वाचलं. पाइनकोन ओला झाला की मिटतो आणि सुकला की उघडतो, झाडावरून पडला, मेला, तरीही. खवल्याची आतली आणि बाहेरची बाजू पाणी कमीजास्त शोषते, बाहेरची जास्त फुगते आणि खवला आत वळतो. कोरड्या हवेत उघडून बिया वाऱ्यावर सोडायच्या, पावसात दार लावून घ्यायचं, अशी ती व्यवस्था. मग काय, उरलेल्या पाचांपैकी एक पाण्याच्या वाटीत, एक उन्हात, एक फ्रिजच्या मागे जिथं गरम हवा येते तिथं. पाण्यातला साधारण तासाभरात मिटला. मोठा दर दहा मिनिटांनी वाटीशी जाऊन वहीत चित्र काढत होता, ज्याला शाळेत चार ओळी लिही म्हटलं तर पोटात दुखतं. ९४९ मधले तीनशे मी या पाइनकोनना देते. फक्त आठ कार्डांपैकी एकावरही ही गोष्ट लिहिलेली नाही. घुबड करा, साळिंदर करा, ख्रिसमसचं झाड करा, सगळं डोळे चिकटवून. अरे, ज्या वस्तूला स्वतःचा एवढा खेळ येतो तिला डोळे कशाला चिकटवताय?

घुबडाचा हरवलेला डोळा सापडला नाही. तर सासूबाईंनी पोटमाळ्यावरून चवथीच्या माटोळीची कांगलां काढून दिली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, भाज्या, सुपारीचे घोस, नारळांचा घड असं सगळं बांधतात, ती माटोळी. त्यातली कांगलां म्हणजे माळकांगोणीची फळं, वाटाण्याएवढी, वाळली की तीन पाकळ्यांत उकलतात आणि आत शेंदरी लाल. लावलं एक घुबडाला. आता घुबडाचा एक डोळा प्लॅस्टिकचा हलणारा आणि एक रागानं लाल. मोठा म्हणतो हे नरकासुराचं घुबड. मला तेच जास्त आवडलं.

डोळ्यांवरून आठवलं, सासूबाईंच्या डबीत गुंजाही होत्या, लाल त्यावर काळा ठिपका, देवानं डोळे म्हणूनच बनवल्यासारख्या. त्या मी लगेच उचलून वर ठेवल्या. पूर्वी सोनार वजनाला वापरायचे, आपण लहानपणी खिशात घेऊन फिरलोय, सगळं खरं, पण आत अब्रिन नावाचं जहाल विष असतं आणि बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. साडेचार वर्षांच्या पोरीच्या हातात नको. कांगलांच्या वेळीसुद्धा मी शेजारी बसून होते.

हळदीचं सांगते, ते कुठल्याच कार्डावर नाही आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ चाललं. मोठ्यानं विचारलं, तिकडची पानं लाल का होतात. तर तिकडे दिवस लहान झाला, गारठा पडला की झाड पानातला हिरवा रंग मोडीत काढतं, आणि पिवळा जो आधीपासूनच हिरव्याखाली लपलेला असतो तो दिसायला लागतो, आणि लाल बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्यानं तयार होतो. हे सांगून झालं आणि त्याच्या तोंडाकडे बघून कळलं की काही पोचलेलं नाही. मग अर्धा चमचा हळद कोमट पाण्यात कालवली, ड्रॉइंगच्या कागदावर फासली, पंख्याखाली वाळवली. हा पिवळा, लपलेला. मग वाटीत खायचा सोडा पाण्यात विरघळवून कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवून म्हटलं, आता पानाच्या शिरा काढ. पांढरं पाणी आणि कागदावर लाल रेघ! दोघंही अशी ओरडली की शेजारच्या काकी डोकावल्या. आणि वर लिंबाचा थेंब टाकला की लाल परत पिवळा. एका दुपारी २२ पानं झाली, मोजून, सगळी वेगळी, एक तर नुसतं लाल डबकं होतं आणि ते धाकटीचं म्हणून सगळ्यात वर लावलंय.

सोड्याऐवजी चुना घेतला तर रंग कुंकवासारखा गडद येतो, पण चुना डोळ्यात गेला तर भलतंच होईल, सोडाच बरा. आणि जुने कपडे घाला हो. धाकटीच्या फ्रॉकवर हळद सांडली, मी शहाणी साबण लावायला गेले आणि डाग लाल झाला, साबणातही तोच गुण ना, मग तोही तिला जादू वाटला आणि तिनं मुद्दाम दुसरी बाही बुडवली. डाग गेला शेवटी, दोन दिवस कडक उन्हात वाळत टाकून, हळद उन्हाला टिकत नाही.

आता ती वाईट सकाळ. दुसऱ्यांदा फिरायला गेलो तेव्हा पिशव्या घेऊन गेलो, कारण आता "सामान" गोळा करायचं वेड लागलेलं. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा मिळाल्या, हलवल्या की खुळखुळ वाजतात, नाचायला तयार. सुपारीची विरी मिळाली, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, तिच्यावर धाकटीला बसवून मोठ्यानं कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पायवाटेवरून फरफटत नेली, ते किती वेळ ते विचारू नका. आणि मी मागं राहून कुणाच्या तरी फोनवर बोलतेय तेवढ्यात कुंपणावरून धाकटीनं तोडली एक शेंग. मखमली, सोनेरी तपकिरी, इंग्रजी एससारखी वळलेली, तिनं ती गालाला लावून बघितली मऊ आहे म्हणून.

खाजकुइली.

पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. पण जे शिकले ते लिहिते. त्या शेंगेवरचे बारीक केस कातडीत रुततात आणि चोळलं की आणखी पसरतात, म्हणून चोळायचं अजिबात नाही, आणि पोरीचे हात धरून ठेवायचे नाहीतर डोळ्याला जातील. सासूबाई राख आणायला धावल्या, मला टेबलावरचा तो कागदी चिकटपट्टीचा रोल दिसला. गालावर हळूच दाबायची, ओढायची, फेकायची, नवी घ्यायची. उन्हाकडे धरली की पट्टीवर सोनेरी केस दिसत होते, बारीक, कुसळासारखे. जवळजवळ अर्धा रोल संपला. मग गार पाणी आणि साबण, आणि मग मांडीवर. तासाभरात लाली उतरली. तर हा रोल, किटमधला, रंगीत पानांचं डिझाइन असलेला, याला माझ्याकडून पूर्ण मार्क. कंपनीला कल्पनाही नसेल. तुमच्याकडे नसेल तर साधी चिकटपट्टी चालेल, पण पोरांना घेऊन ऑक्टोबर ते जानेवारी रानात जाणार असाल तर एक खिशात टाका, आणि आधी ती शेंग त्यांना लांबून दाखवून ठेवा. मी दाखवली नव्हती.

कात्रीही चांगली आहे, लहान हातात बसते, कागद खरंच कापते, बोट कापत नाही. अशा कात्र्या आपल्याकडे बाजारात मिळतात त्यातल्या बऱ्याच एक तर काहीच कापत नाहीत किंवा सगळंच कापतात.

आपट्याचं राहिलं. दसऱ्याचं सोनं घरोघरी देऊन घेऊन शेवटी घरात परडीभर जमतं आणि चार दिवसांनी ते वाळून केरात. यंदा नाही टाकलं. आपट्याचं पान म्हणजे निसर्गानं कापून दिलेलं फुलपाखरू, दोन पाकळ्या, मध्ये कणा, माडाच्या हिराचा तुकडा लावला की झालं शरीर. उलटं धरलं तर घुबडाचं तोंड, दोन पानं समोरासमोर लावली तर मासा. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं विकतात, ती मोठी आणि पातळ असतात, क्राफ्टला तीही चालतात, पण वाळल्यावर गुंडाळी होते, आपट्याचं जाड पान तेवढं आकसत नाही. फक्त यासाठी नव्यानं ओरबाडू नका, दसऱ्याला झाडांची आधीच दैना झालेली असते.

आणि चिकटवायला काय, तर खळ. किटची गोंदाची कांडी तिसऱ्या दिवशी संपली, पांढरा गोंद या दमट हवेत वाळेपर्यंत पोरांचा जीव जातो. दोन चमचे मैदा, कपभर पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरं जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरायचं. आकाशकंदिलाला, नरकासुराला, पिढ्यान्‌पिढ्या हीच. दुसऱ्या दिवशी आंबते, मुंग्या येतात, म्हणून रोज थोडी करा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. बुकबाइंडर लोक कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात खळीत, मुलांच्या खळीत तो चुकूनही नको. अगदीच काही नसेल तर भाताचं शीत, बोटानं चिरडून लावलं की कागदाला कागद घट्ट. सासूबाईंनी पेजेच्या ताटातलं एक शीत काढून फेल्टचं पान चिकटवून दाखवलं. ते अजून भिंतीवर आहे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथं किटची झाली.

माडाचं तर बोलूच नका. दर तीन महिन्यांनी येतो तो पाडेली आला नारळ पाडायला, एक हिरवं चुडत, म्हणजे झावळी, खाली आलं, पोरं घुटमळत होती तेव्हा त्यानं कोयता बाजूला ठेवला, पायरीवर बसला, दोन पाती सोलून हीर दातानं तोडला आणि धाकटीला म्हणाला, "बाय, सुकणें जाय?" बोटं कशी चालली ते मी मोबाइलवर शूट केलंय, तीन वेळा हळू करून बघितलं, तरी मला अजून जमलेलं नाही. एक पक्षी, एक साप, एक भिरभिरं, सगळं मिळून दहा मिनिटं. चहा घेतला आणि पुढच्या माडावर. याच माडाला २०१६ मध्ये आपल्या सरकारनं कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून काढलं होतं आणि २०१७ मध्ये राज्यवृक्ष केलं, हे मी मोठ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "मग मधल्या वर्षी तो काय होता?" मी म्हटलं जा, भिरभिरं फिरव.

तर हिशेब. कात्री, पट्टी, सुतळी, गोंद, पाइप क्लीनर फोंड्याच्या कुठल्याही स्टेशनरीत दोनशेच्या आत येतं, मी मुद्दाम जाऊन विचारलं. पाइनकोनचे तीनशे मी आनंदानं दिले असं वर म्हटलंय. उरलेले साडेचारशे फेल्ट, प्लॅस्टिकची बोंडं आणि त्या खारीचे. कार्डांवरची चित्रं बरी आहेत, क्रम नीट आहे, आणि एक गोष्ट मानावी लागेल की डबा आला म्हणून मी टेबल मोकळं केलं आणि पोरांसोबत बसले, अंगणातली पानं तर काय आधीही होती. ज्यांचं घर फ्लॅटमध्ये आहे, खाली पेव्हर टाकलेत, आजी गावी आहे, त्यांना हे किट माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल कदाचित. तरी घ्यायच्या आधी एकदा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात चक्कर मारा, केळीची पानं, सोलां (आमसुलं), सुपाऱ्या, झाडू, मडकी, पन्नास रुपयांत पिशवी भरून क्राफ्ट. पाचपैकी अडीच देते. पाइनकोनवर एक कार्ड असतं तर साडेतीन.

नरकासुराचं सांगून थांबते, नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे जाळतात तो पुतळा. वाड्यावरच्या मोठ्या पोरांचा पंधरा फुटी होता, आमचा तीन फुटी. पाय म्हणजे मोठ्याची जुनी पॅन्ट, पेंढा भरून. तोंड स्टीलच्या वाडग्यावर खळीनं वर्तमानपत्राचे सहा थर देऊन केलेलं, वाळायला तीन दिवस लागले, एका रात्री फ्रिजमागे पाइनकोनशेजारी ठेवलेलं. आणि धड म्हणजे किटचा डबा, मापात बरोबर बसला, खार पोटावर. मोठ्याला फेल्टची पानं मिशीला लावायची होती, ती मी जाळायच्या आधी काढून घेतली, पॉलिस्टरचा धूर नको, त्यावरून थोडी रडारड झाली. पहाटे पाचला पेटवला. पेंढा भसकन पेटला, मग डबा, आणि मग खारीचं शेपूट काळं व्हायला लागलं तशी धाकटीनं भोकाड पसरलं, नरकासूर जळतोय त्याचं काही नाही, खार जळतेय म्हणून. अंघोळ, कारीट, आणि नारळाच्या रोसातले फोव, म्हणजे पोहे, समोर येईपर्यंत हुंदके चालू.

काल कंपनीचा मेसेज आला, प्रॉडक्टचा डब्यासकट फोटो टाकून रिव्ह्यू लिहा आणि ५० रुपयांचं कूपन मिळवा. डबा आहे कुठं. म्हणून नुसतंच लिहिलंय.